जुन्या नोटा जमवताना: पुण्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं जुन्या कागदी नोटा जमवतोय. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून लोक विचारायला येतात. दिवाळीची साफसफाई झाली की जास्त येतात, आणि पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की त्याहून जास्त, कारण तेव्हाच माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि फडताळातल्या पोथ्या उघडल्या जातात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवलंय.

आजोबांच्या ट्रंकेत जुन्या नोटा सापडल्या. सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका. खरंच सांगतो, पहिल्या दिवशी नोटांचं जेवढं नुकसान होतं तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत झालेलं नसतं. माणूस उत्साहात घडी उलगडतो, ओल्या फडक्याने पुसतो, फाटलंय तिथे सेलोटेप लावतो, आणि जवळ लॅमिनेशनचं दुकान असेल तर संपलंच. हात धुवा, कोरडे करा, नोट कडेने धरून उचला आणि कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवा. रबरबँड असेल तर काढा, तो ताणून नका काढू, कापून काढा. स्टेपल गंजलेला असेल तर ओढू नका, तसाच राहू दे सध्या.

मग एका कागदावर लिहा की नोट कुठे सापडली, कोणाची ट्रंक होती, ते काय काम करायचे, सोबत काय काय होतं. एखादं पाकीट, पावती, रेशनकार्ड, पत्र असेल तर ते वेगळं करू नका. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर आजच बसून विचारून घ्या. नोट अजून पन्नास वर्षं टिकेल, ती सांगणारी आजी टिकणार नाही. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय आणि नेमकं हेच कोणी करत नाही, किंमत किती हेच आधी विचारतात.

इतकी जुनी आहे म्हणजे लाखात जाईल ना?

बहुतेक वेळा नाही. जुनी असणं आणि दुर्मिळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत तीन गोष्टींवर ठरते. तशा नोटा किती शिल्लक आहेत, घ्यायला किती लोक तयार आहेत, आणि तुमच्या नोटेची कंडिशन काय आहे. साठ वर्षांपूर्वीची एक रुपयाची नोट मळलेली, चार घड्या पडलेली असेल तर आजही वडापावच्या पैशात मिळते. तीच नोट कोरी करकरीत असेल तर गोष्ट वेगळी. आणि एखादी सही किंवा प्रीफिक्स, म्हणजे नंबराआधीची अक्षरं, कमी छापला गेला असेल तर मळलेल्या नोटेलाही मागणी असते. म्हणून वय बघून हुरळून जाऊ नका, आणि फाटकी आहे म्हणून टाकूनही देऊ नका.

७८६ नंबरच्या नोटेला ऑनलाइन पाच लाख मिळतात असं व्हिडिओत सांगतात, खरं आहे का?

नाही. ७८६, सगळे एकसारखे आकडे, १२३४५६, उलटसुलट सारखाच वाचता येणारा नंबर, वाढदिवसाची तारीख, असे नंबर लोक हौसेने जमवतात हे खरंय आणि कोऱ्या नोटेला दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त मिळतातही. पण पाच लाख वगैरे सगळं खोटं. यातली फसवणूक अशी चालते की आधी तुम्हाला मोठा आकडा सांगतात, मग म्हणतात रजिस्ट्रेशन फी भरा, मग जीएसटी भरा, मग रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट म्हणून एक पीडीएफ पाठवतात, आणि तुमचे पैसे जात राहतात. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात नाही, आमच्या नावाने कोणी फी किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा माणूस खरेदीदार नसतो, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर्ड काकांचे असेच पैसे गेले, आणि ते घरात कोणाला सांगूही शकले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नोट कुठल्या वर्षाची ते कसं ओळखायचं? नोटेवर साल दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागच्या बाजूला साल छापायला सुरुवात झाली ती २००५ पासून. त्याआधीच्या नोटांवर सही बघायची. गव्हर्नर कोण ते कळलं की त्यांच्या कारकिर्दीची वर्षं कळतात. मग प्रीफिक्स आणि इनसेट लेटर, म्हणजे नंबराच्या मागे फिकट छापलेलं एखादं अक्षर, यावरून अजून जवळ जाता येतं. एक रुपयाचं मात्र वेगळं. ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते आणि बहुतेक वेळा साल छापलेलं असतं.

भारतात कागदी नोटा कधीपासून आहेत? सगळ्यात जुनी कुठली मिळू शकते?

नोटा यायच्या आधी आपल्याकडे हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्या, होत्या, पेशवाईत पुण्याच्या सावकारांचा सगळा व्यवहार हुंडीवर चालायचा, पण हुंडी म्हणजे नोट नव्हे. छापील नोटा आधी खाजगी बँकांनी आणि मग बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ मद्रास या तीन प्रेसिडेन्सी बँकांनी काढल्या. १८६१ च्या पेपर करन्सी अॅक्टने तो हक्क सरकारकडे गेला आणि व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या नोटा आल्या. त्या एकाच बाजूला छापलेल्या असायच्या, मागची बाजू पूर्ण कोरी. त्यांची नक्कल व्हायला लागली म्हणून १८६७ पासून राणीचं चित्र काढून खाली रंगीत नक्षी असलेल्या नोटा आणल्या.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सर्कलची, म्हणजे नोट काढणाऱ्या विभागाची. नोट ज्या सर्कलची असेल तिथेच ती कायदेशीर चलन. मुंबई सर्कलची नोट घेऊन तुम्ही कलकत्त्याला गेलात तर तिथला दुकानदार ती नाकारू शकत होता. हे बंधन १९०३ ते १९११ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने उठलं, आधी पाचच्या नोटेवरचं आणि मग मोठ्या नोटांवरचं. आणि दुसरी गोष्ट अर्ध्या नोटांची. त्या काळी मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर लोक नोट मधोमध कापायचे, अर्धा तुकडा आधी पाठवायचे, तो पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरा. चोराला एक तुकडा मिळून उपयोग नाही. मिळाल्यावर दोन्ही तुकडे चिकटवून बँकेत द्यायचे. म्हणून त्या काळातल्या कितीतरी नोटा मधोमध जोडलेल्या दिसतात आणि नवीन माणूस म्हणतो फाटकी आहे, नको. अहो ती फाटकी नाही, ती नोट दोन टपालांतून प्रवास करून आलीये!

घरात सापडण्याची शक्यता म्हणाल तर व्हिक्टोरियाच्या नोटा जवळजवळ नाहीच. पंचम जॉर्जच्या कधीमधी, सहाव्या जॉर्जच्या बऱ्याचदा.

अडीच रुपयांची नोट खरंच होती का?

होती. दोन रुपये आठ आणे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, रुपयाचं नाणं पाडायला चांदी पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ १९१८ मध्ये ही अडीचची. दोन्ही पंचम जॉर्जच्या. एक रुपयाच्या नोटा पंचवीसच्या पुस्तकात यायच्या, चेकबुकासारख्या, एका कडेला फाडायची छिद्रं. म्हणून त्या नोटेची एक कड जरा खरबरीत दिसली तर ती कोणी कुरतडलेली नसते. १९२६ मध्ये दोन्ही बंद झाल्या. एक रुपयाची १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे परत आली, अडीचची कधीच परत आली नाही. आज तिला चांगली किंमत आहे, आणि म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर आहेत.

मी नवीन आहे, बजेट कमी आहे. सुरुवात कशापासून करू?

एक रुपयाच्या नोटेपासून. कोणीही काहीही सांगो, माझं मत हेच आहे. १९४९ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली नोट आली ती एक रुपयाचीच, राजाच्या जागी अशोकस्तंभ, सही के. आर. के. मेनन यांची. तिथून १९९४ पर्यंत छापली गेली, मग बंद, आणि २०१५ ला परत सुरू. प्रत्येक सचिवाची एकेक सही जमवायची असं ठरवलं तर बऱ्याचशा नोटा स्वस्तात मिळतात, दोनतीन ठिकाणी अडायला होतं आणि तेवढ्यात तुम्ही शोधायला शिकता.

यात मजा अशी की पुढे हीच माणसं रिझर्व्ह बँकेवर गेलेली दिसतात. मनमोहन सिंग यांची सही एक रुपयाच्या नोटेवर अर्थखात्याचे सचिव म्हणून आहे आणि मग १९८२ ते १९८५ च्या काळातल्या मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. एल. के. झा, आय. जी. पटेल यांचंही तसंच. दोन्ही नोटा शेजारी लावल्या की मुलांना पण इंटरेस्ट येतो. आणि ऐंशीच्या दशकातली एक रुपयाची नोट उलटी करून बघा, मागे समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातली सागर सम्राट ही ड्रिलिंग रिग आहे. हातातून शेकडो वेळा गेलेली नोट असते पण तिची मागची बाजू कोणी बघितलेली नसते.

मराठी माणसाच्या सहीची नोट कुठली?

चिंतामणराव देशमुख! आपले सी. डी. देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण बँकेची पहिली नोट, पाच रुपयांची, आली जानेवारी १९३८ मध्ये आणि तिच्यावर सही जेम्स टेलर यांची. त्यांच्यानंतर देशमुख. म्हणजे राजाचं चित्र आणि खाली मराठी माणसाची सही, अशी ती नोट.

तिच्यात अजून एक गोष्ट दडलीये. युद्धाच्या काळात जपान्यांनी आपल्या चलनाच्या उत्तम नकला बनवल्या, जास्त करून दहाच्या नोटेच्या आणि त्याही देशमुखांच्या सहीच्या. त्यावर उपाय म्हणून राजाचा बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा केला, वॉटरमार्क बदलला आणि भारतात पहिल्यांदा नोटेत सिक्युरिटी थ्रेड आला. तुमच्याकडे सहाव्या जॉर्जची नोट असेल तर राजा कुठे बघतोय ते बघा, त्यावरून ती आधीची की नंतरची ते कळतं.

दुसरे बी. एन. आडारकर. १९७० मध्ये फक्त ४२ दिवस गव्हर्नर होते, त्यामुळे त्यांच्या सहीच्या नोटा कमी. गांधी जन्मशताब्दीच्या नोटेवर, म्हणजे सेवाग्राम आश्रमासमोर बसलेले गांधीजी आहेत त्या, एल. के. झा यांची सही सहज मिळते, आडारकरांची शोधावी लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या नोटांत काय काय बघायचं?

खूप आहे, मला सुचेल तसं सांगतो. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत "रुपया" असं एकवचन होतं, दोन असो की दहा, मग त्यावर चर्चा होऊन १९५३ पासून "रुपये" झालं, तर दोन्ही प्रकार जमवतात. १९५४ ला हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा परत आणल्या, पाच हजारवर गेटवे ऑफ इंडिया आहे, पण त्या म्युझियममध्येच बघायच्या. १९६७ ला खर्च वाचवायला नोटांचा आकार लहान केला, त्यामुळे आधीची मोठी शंभरची नोट हातात घेतली की नवीन पिढी चकित होते. पन्नासची नोट १९७५ ची, सुरुवातीच्या छपाईत संसदेवर झेंडाच नाही, तो नंतर आला. डीलरकडे "बिनझेंड्याची पन्नास" म्हटलं की कळतं. दोनच्या नोटेवर वाघ, नंतरच्यावर आर्यभट्ट उपग्रह. पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर. वीसची आत्ताची हिरवट पिवळी नोट २०१९ ची, तिच्यामागे आपलं वेरूळ आहे.

पाकिस्तानचा शिक्का असलेली भारतीय नोट असते का? आणि हज नोट?

दोन्ही खऱ्या आहेत. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःची बँक तयार नव्हती तेव्हा १९४८ मध्ये रिझर्व्ह बँकच तिथल्या नोटा काढत होती, आपल्याच नोटांवर "गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान" असं इंग्रजीत आणि उर्दूत जास्तीचं छापून. आणि ती छपाई आपल्या नाशिकची. हज नोटा १९५९ च्या, दहा आणि शंभरच्या, नंबराआधी एचए, यात्रेकरूंना सौदीत वापरायला. त्याच वर्षी आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या, झेड प्रीफिक्सच्या नोटा काढल्या, कारण भारतीय रुपया तिथे सर्रास चालायचा आणि त्यातून सोन्याची तस्करी होऊन आपलं परकीय चलन जायचं.

आता धोक्याचं. पाकिस्तानवाला शब्द नंतर कोणीतरी साध्या नोटेवर छापलेला असू शकतो आणि असतोच. मी सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात अशी नोट घेतली, दोन महिन्यांची बचत दिली, घरी आणून भिंगाखाली धरली तर अक्षरांची शाई घडीच्या तड्यात उतरलेली होती. म्हणजे नोट आधी वापरून चुरगळली आणि छपाई नंतर झाली. खऱ्या नोटेत छपाई आधी आणि घडी नंतर, त्यामुळे घडीवर शाई उडालेली दिसायला हवी. विकणाऱ्याने नोट परत घेतली नाही. ती मी अजून जपून ठेवलीये, नवीन मुलांना दाखवायला.

मग खोटी नोट ओळखायची कशी?

दहापट भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. खऱ्या नोटेवरची बारीक रेघ भिंगाखाली सलग दिसते, स्कॅन करून प्रिंट काढलेली असेल तर तीच रेघ रंगीत ठिपक्यांची होते. मग उजेडासमोर धरून वॉटरमार्क, तो कागदातच असतो, वरून छापलेला असेल तर तिरक्या उजेडात चकाकतो. जुना कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली मंद दिसतो, आणि आताचा साधा पांढरा कागद निळसर झगझगीत चमकतो, ही परीक्षा पटकन होते पण धुतलेली खरी नोटही साबणामुळे चमकू शकते हे लक्षात ठेवा. बोट फिरवून उठाव लागतो का बघा. इस्त्री केलेल्या नोटेचा उठाव सपाट झालेला असतो.

आणि जी नोट महाग आहे तिचीच नक्कल होते. दहा रुपयांची वस्तू कोणी खोटी बनवत नाही, त्यामुळे जिथे मोठी रक्कम द्यायची तिथे एकट्याने ठरवू नका, दोन जाणकारांना दाखवा.

नोट मळलीये, डाग आहेत. स्वच्छ कशी करू?

करू नका. रबर नको, पेट्रोल नको, साबण नको, लिंबू तर अजिबात नको, इस्त्री नको. धुतलेली नोट जाणकाराला हातात घेतल्या घेतल्या कळते, कागदाचा कडकपणा गेलेला असतो, रंग फिके पडलेले असतात, आणि किंमत निम्म्याच्या खाली येते.

पण किमतीचं सोडा, मला इथे एक गोष्ट सांगायचीये. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतून एक मुलगा दहाची नोट घेऊन आला, मागे शिडाचं जहाज असलेली, गव्हर्नर बी. रामा राव यांच्या सहीची. अर्ध्या नोटेवर तपकिरी डाग, काठाला बारीक गाळ. म्हणाला काका, हे काढून द्या, डाग गेला की विकायचीये. मी विचारलं कुठे होती. तर म्हणे पणजीच्या पितळी डब्यात. म्हटलं घरी कोणाला तरी विचारून ये. पुढच्या रविवारी तो आजीलाच घेऊन आला. आजींनी सांगितलं की १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा घरात पाणी शिरलं, सगळे जिना चढून वर गेले, सासूबाईंचा डबा खालीच राहिला, पाणी ओसरल्यावर चिखलात सापडला, आत घरखर्चाच्या नोटा होत्या, बाकीच्या वाळवून वापरल्या आणि एक सासूबाईंनी तशीच ठेवली, का ते कधी बोलल्या नाहीत. तो डाग म्हणजे मुठेचा गाळ आहे. कॅटलॉगप्रमाणे त्या नोटेला काही किंमत नाही. मुलाने ती विकली नाही. मी फक्त एक चांगलं पाकीट दिलं आणि आजींनी सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहून त्याच पाकिटामागे ठेवायला लावलं, तारखेसकट.

नोटा कशात ठेवायच्या? पुण्याच्या पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

फोटोचे जुने अल्बम आणि चिकट पानांचे अल्बम नकोत. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, ज्यांना नवीन रेनकोटसारखा वास येतो ती. पीव्हीसी काही वर्षांनी तेलकट होतं आणि शाई ओढून घेतं. पॉलिप्रोपिलीन किंवा मायलरची पाकिटं घ्या, नोटेच्या मापापेक्षा जरा मोठी. एका पाकिटात एकच नोट.

जून ते सप्टेंबर कपाट उघडझाप कमी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, तिथे ओल येते, जुन्या दगडी घरात तर हमखास. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला, एकदा ठेवून विसरलात तर उपयोग नाही. डांबरगोळ्या अल्बमजवळ नकोत, त्यांची वाफ नोटांना आणि प्लॅस्टिकला चांगली नाही. कसर लागते ती खळ आणि जुना पुठ्ठा असेल तिथे, म्हणून जुन्या वह्या-पोथ्या आणि नोटा एका कप्प्यात ठेवू नका. ऑक्टोबरची कोरडी हवा पडली की सगळे अल्बम काढून सावलीत तासभर उघडे ठेवा, उन्हात नाही. बँकेच्या लॉकरला पण ओल येते, तिथे ठेवणारे लोक वर्षानुवर्षं उघडत नाहीत आणि मग बुरशी.

यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ हे काय असतं?

कंडिशनच्या पायऱ्या. यूएनसी म्हणजे अजिबात न वापरलेली, एकही घडी नाही. एक्सएफ म्हणजे एखाददुसरी हलकी घडी पण कडक. व्हीएफ म्हणजे वापरलेली पण नीटनेटकी. त्याखाली फाइन, व्हीजी वगैरे. पीएमजीसारख्या कंपन्या ७० पैकी गुण देऊन नोट बंद पाकिटात देतात. महागाच्या नोटेला ते ठीक आहे, पन्नास रुपयांच्या नोटेला एवढा खर्च करू नका.

कोऱ्या नोटेला डाव्या बाजूला भोकं कशी?

बंडलाला बँकेत स्टेपल मारायचे त्याची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ते थांबवायला सांगितलं. त्याआधीच्या कोऱ्या नोटेला भोकं असणं साहजिक आहे, त्याने फार बिघडत नाही.

नंबरमध्ये स्टार आहे, ती नोट खोटी आहे का?

नाही. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी बंडलात घातलेली ती बदली नोट. २००६ पासून अशा नोटा येतात, आणि २०२३ मध्ये अफवा पसरल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने पुन्हा सांगितलं की त्या पूर्ण कायदेशीर आहेत. जमवायला छान, स्वस्त विषय.

नोटाबंदीतल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा ठेवल्या तर चालतं?

२०१७ चा कायदा आहे. त्या जुन्या पाचशे-हजारच्या मिळून दहापर्यंत नोटा कोणीही ठेवू शकतो, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापेक्षा जास्त सापडल्या तर दंड, दहा हजार किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. दोन हजारची गुलाबी नोट यात येत नाही, ती २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली पण कायदेशीर चलन आहे. आणि याआधीही दोनदा मोठ्या नोटा रद्द झाल्यात, जानेवारी १९४६ आणि जानेवारी १९७८.

आमचं मूळ मराठवाड्यातलं. निजामाच्या नोटा सापडल्यात, त्यांना काही अर्थ आहे का?

खूप आहे! भारतातल्या संस्थानांत स्वतःच्या नोटा खऱ्या अर्थाने मोठ्या प्रमाणावर चालवल्या त्या हैदराबादने, १९१८ पासून. लोक हाली रुपया म्हणायचे. सात हाली म्हणजे साधारण सहा इंग्रजी रुपये. मुख्य मजकूर उर्दूत, पण किंमत मराठी, तेलुगू, कानडीतही लिहिलेली. निजामाच्या नोटेवर मराठी अक्षरं बघताना मला दर वेळी थांबायला होतं. अशा नोटा घरच्या माणसांच्या गोष्टीसकट जपा.

कोकण-गोव्याकडच्या घरात पोर्तुगीज नोटा सापडतात, आधी रुपिया आणि १९५९ पासून एश्कुदो. आणि लष्करात असलेल्या पणजोबांच्या सामानात जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी छापलेल्या रुपयाच्या नोटा, बी अक्षराच्या. त्या ढिगाने छापल्या होत्या म्हणून स्वस्त आहेत, पण पणजोबा बर्मा फ्रंटवर होते याचा तो पुरावा असू शकतो.

पुण्यात कुठे बघायला, घ्यायला मिळतात?

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फिरा, पण तिथे शिकायला जा, महाग काही घ्यायला नको. कर्वे रोडच्या सोनल हॉलमध्ये कॉइनेक्सचं प्रदर्शन भरतं, देशभरचे डीलर येतात, पहिल्या वर्षी फक्त बघा आणि विचारा, खिशात मोजकेच पैसे न्या. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि नाशिकलाच १९२८ पासून नोटा छापल्या जातात, म्हणजे तुमच्या ट्रंकेतली सहाव्या जॉर्जची नोट बहुतेक दोनशे किलोमीटरवरच छापलेली आहे.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला जुन्या नोटा पाठवू का?

शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने सामान्य माणसाला बंदी आहे. तर १९१७-१८ च्या नोटा इथेच राहू द्या. स्कॅन पाठवा.

माझ्या नोटेबद्दल जाणकाराला विचारायचंय, फोटो कसा काढू?

खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, नोट सपाट काळ्या किंवा पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी. पुढची बाजू, मागची बाजू, आणि एक फोटो खिडकीच्या काचेला धरून, वॉटरमार्क दिसेल असा. सही आणि नंबरचा जवळून वेगळा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा पुसल्या जातात. अख्खा नंबर सगळ्या ग्रुपवर टाकू नका. आणि खाली दोन ओळी लिहा, ती कोणाच्या घरात, कशात सापडली.